अरुंद रोहिणी आणि घाटाचा रस्ता

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग पडतात, हे त्या बाजूच्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. अजिंठ्याच्या डोंगराची रांग जिल्ह्यातून आडवी गेली आहे. तिच्या माथ्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा. तिच्या पायथ्याशी पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. पहिल्या भागास लोक घाटावरचा मुलूख म्हणतात, दुसऱ्यास घाटाखालचा. आगगाडी घाटाखालून गेली. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी ती अद्यापि चढलेली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी करता करता पिढ्या सरल्या. या भूगोलाचा हृदयविकाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे, आणि तो कसा, हेच येथे पाहावयाचे आहे.

मोठे दुखणे आले की घाटाखालच्या रोग्यास अकोल्यास किंवा जळगावास न्यावयाचे, आणि घाटावरच्यास औरंगाबादेस (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास) किंवा थेट नागपुरास, असा परिपाठ पडून गेला आहे. हृदयाचे दुखणे असले तर रोगी परत येतो तेव्हा गावात म्हणतात, "स्प्रिंग टाकून आणली." खर्च किती आला, पैसा कोठून उभा केला, शेत गहाण पडले की काय, याची चर्चा पारावर पुष्कळ होते. परंतु त्या स्प्रिंगेने नेमके काय साधले, हा प्रश्न क्वचितच निघतो. माणूस हिंडूफिरू लागला, त्याअर्थी तो तिच्यामुळेच वाचला, असे धरून चालण्याची रीत आहे. वास्तविक ही क्रिया एकच असली तरी ती कोणत्या प्रसंगी केली यावर तिचे फळ अवलंबून असते. आणि दोन प्रसंगांची दोन फळे अगदी निराळी आहेत. हे कळावयास जगातील वैद्यांना चाळीस वर्षे मोजदाद करावी लागली.

प्रथम थोडे शरीरशास्त्र. सबंध देहास रक्त पुरविणारे हृदय मुठीएवढे असते, आणि त्याला स्वतःस लागणारे रक्त दोन बारीक नळ्यांतून मिळते. जुन्या शालेय पुस्तकांत अशा नळ्यांना रोहिणी म्हणत. हल्ली धमनी म्हणण्याचा प्रघात आहे. या नळ्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे स्निग्ध पदार्थाचा थर साचतो आणि वाट अरुंद होते. मग मनुष्य घाट चढू लागला, ओझे उचलू लागला, की छातीत कळ येते. थांबला की कळ थांबते. ही झाली पहिली अवस्था. दुसरी अवस्था एकाएकी येते. साचलेल्या थराचा पापुद्रा फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, नळी पूर्ण बंद होते, आणि तिच्या पलीकडील स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो. यालाच झटका म्हणतात. या दोन अवस्थांतील भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील हकीकत सोपी जाते.

या नळ्यांपर्यंत बाहेरून पोचता येईल, ही कल्पना प्रथम ज्याने अमलात आणली त्याची गोष्ट मोठी विलक्षण आहे. १९२९ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील एबर्सवाल्डे या लहानशा गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता. हाताच्या शिरेतून लवचीक नळी सरकवीत नेली तर ती हृदयात पोचेल, अशी त्याची खात्री होती. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. तेव्हा उपकरणे जिच्या ताब्यात होती त्या गेर्डा डिट्झेन या परिचारिकेस त्याने वळविले. प्रयोग आपल्यावर व्हावयाचा आहे, अशा समजुतीने ती टेबलावर निजली; त्याने तिला बांधले, आणि इकडे स्वतःच्याच हाताची शीर उघडून मूत्रमार्गाच्या कामी वापरावयाची नळी ६५ सेंटिमीटरपर्यंत आत सारली. मग तिला मोकळे करून, हातात नळी तशीच ठेवून, तो क्ष-किरणांच्या खोलीत गेला, आणि नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचले आहे याचे चित्र त्याने काढून घेतले. त्या काळच्या थोर वैद्यांनी त्याची उपेक्षाच केली. तो पुढे मूत्ररोगांवर उपचार करीत राहिला; आणि १९५६ साली कूर्नां व रिचर्ड्स या न्यूयॉर्कच्या दोघा संशोधकांबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा टप्पा केवळ चुकीने गाठला गेला. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स हा डॉक्टर एका तरुण रोग्याच्या महारोहिणीत क्ष-किरणांत दिसणारा रंगद्रव सोडीत असता नळीचे टोक घसरून हृदयाच्या उजव्या रोहिणीत शिरले आणि सारा द्रव तेथे गेला. रोग्याचे हृदय काही क्षण थांबले. त्याला खोकावयास लावले, आणि ते पुन्हा चालू झाले. असा द्रव हृदयाच्या रोहिणीत सोडला तर माणूस दगावतो, ही तोवरची समजूत त्या दिवशी खोटी ठरली. ज्या तपासणीस आपल्याकडे नुसते 'अँजिओ' म्हणतात ती यातून निघाली. वाट कोठे अरुंद आहे ते आता जिवंत माणसात दिसू लागले.

दिसले म्हणजे दुरुस्त करावेसे वाटणारच. पोर्टलंड शहरी चार्ल्स डॉटर याने १६ जानेवारी १९६४ रोजी ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या मांडीतील अरुंद रोहिणी एकाहून एक जाड नळ्या सारून रुंद केली. तिच्या पायास सडा लागला होता आणि पाय कापून घेण्यास ती तयार नव्हती. तो पाय वाचला, आणि पुढे ती वारली तेव्हा स्वतःच्या पायांवर चालत होती. अमेरिकेने या क्रियेकडे फारसे लक्ष दिले नाही. युरोपात मात्र तिचे शिष्य निघाले. त्यांतील एक म्हणजे झुरिच येथील आंद्रेआस ग्र्युनझिग.

ग्र्युनझिगने जाड नळीऐवजी बारीक नळीच्या टोकाशी फुगा बसविण्याचे ठरविले. फुगा आत नेताना मिटलेला असावा, जागेवर पोचताच ठरावीक आकारापर्यंतच फुगावा आणि पुन्हा मिटावा, एवढीच अट. पण ती पुरी करावयास त्याला वर्षे लागली. रात्री आपल्या घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर पत्नी व साहाय्यक मंडळी यांच्यासह तो हे फुगे बनवी. १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या एका जाग्या रोग्याच्या हृदयाच्या रोहिणीत त्याने असा पहिला फुगा फुगविला. कळ थांबली. त्या रोग्याची ती रोहिणी तेवीस वर्षांनी पुन्हा तपासली, तेव्हाही उघडी होती.

परंतु ग्र्युनझिगचा मोठेपणा फुग्यापेक्षा त्याच्या वहीत आहे. १९७९ साली त्याने पहिल्या ५० रोग्यांची हकीकत छापली. त्यांपैकी ३२ जणांत क्रिया साधली, बाकीच्यांत साधली नाही, आणि पाच जणांस तातडीने शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यावे लागले, हे त्याने जसेच्या तसे सांगितले. नव्या उपचाराचा जनक आपल्या हाताने अपयशाची नोंद छापतो, हे वैद्यकाच्या इतिहासात वारंवार घडत नाही. पुढे तो अमेरिकेत अटलांटा येथे गेला आणि १९८५ साली स्वतःचे विमान चालवीत असता अपघातात मृत्यू पावला. तेव्हा त्याचे वय ४६ होते. अटलांट्यास त्याच्या हाताखाली शिकलेले डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल यांनी १९८६ साली मद्रासेस हा उपचार भारतात सुरू केला. त्यांचे निधन २०२५ साली झाले.

फुग्याने रुंद केलेली वाट टिकते किती, हा पहिला प्रश्न. उत्तर निराशाजनक निघाले. दर तीन रोग्यांपैकी सुमारे एकाची रोहिणी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होई. ती रबरासारखी आखडे आणि आतून व्रण भरून येई. यावर उपाय म्हणून १९८६ साली फ्रान्समधील तुलूज येथे जाक प्युएल याने व स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिख सिग्वार्ट याने तारेची बारीक जाळीदार नळी आत ठेवून दिली. हीच स्टेंट, आपली स्प्रिंग. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील ५२० रोग्यांच्या तुलनेत नुसत्या फुग्यानंतर शेकडा ३२ जणांची वाट पुन्हा अरुंद झालेली आढळली, तर जाळी ठेवल्यानंतर शेकडा २२ जणांची. पुढे जाळीवर व्रण वाढू न देणाऱ्या औषधाचा लेप देण्यात आला, आणि २००२ साली छापलेल्या २३८ रोग्यांच्या प्रयोगात सहा महिन्यांनी लेपाच्या जाळीत एकाही रोग्याची वाट अरुंद झालेली नव्हती. साध्या जाळीत हे प्रमाण शेकडा २६.६ होते. या लेपाने एक नवी अडचण मात्र आणली. जाळी उघडी राहते तोवर तिच्यावर गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या कित्येक महिने, बहुधा वर्षभर, रोज घ्याव्या लागतात. हंगाम बुडाला म्हणून गोळ्या बंद केल्या तर जाळीच घातक ठरू शकते. ही गोष्ट रुग्णालयातून निघताना सांगतात. ती घरी पोचेपर्यंत ध्यानात राहते असे नाही.

येथवरची मोजदाद रोहिणीची होती. रोहिणी उघडी राहिली, पण माणूस अधिक जगला काय? हा प्रश्न नीटपणे विचारावयास नवे शतक उजाडले. पहिल्या अवस्थेतील, म्हणजे श्रम केले की कळ येते आणि थांबले की जाते अशा, २२८७ रोग्यांचे अमेरिकेत व कॅनडात दोन गट केले. दोन्ही गटांस उत्तम औषधे दिली. एका गटास त्याखेरीज फुगा व जाळी. साडेचार वर्षांच्या सुमारास पाहता मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण जाळीच्या गटात शेकडा १९ आणि नुसत्या औषधाच्या गटात शेकडा १८.५ भरले. हा निकाल २००७ साली प्रसिद्ध झाला तेव्हा मोठी खळबळ उडाली आणि पुष्कळांनी तो मानला नाही. म्हणून अधिक मोठा प्रयोग झाला. त्यात भारतासह ३७ देशांतील ५१७९ रोगी होते, आणि एका गटात जाळी वा बायपास यांपैकी योग्य तो उपाय केला. तीन वर्षांहून अधिक काळानंतर त्या गटात १४५ माणसे दगावली होती. औषधांच्या गटात १४४. हे आकडे २०२० साली छापले गेले.

असे का व्हावे, याचे कारण वर सांगितलेल्या भेदात आहे. झटका पुष्कळदा सर्वांत अरुंद ठिकाणी येत नाही. तो ज्या ठिकाणचा पापुद्रा कच्चा असतो तेथे येतो, आणि ते ठिकाण अँजिओच्या चित्रात क्षुल्लक दिसू शकते. जाळी एक जागा सावरते; रोग मात्र सबंध नळीचा असतो. तो आटोक्यात ठेवण्याचे काम गोळ्या, तंबाखूचा त्याग, आणि रक्तदाब व मधुमेह यांवरील ताबा हेच करतात. मग जाळीचा काहीच उपयोग नाही काय? तसेही नाही. कळ कमी होते. २०१७ साली लंडनच्या डॉक्टरांनी २०० रोग्यांत एक धीट तुलना केली: काहींत जाळी ठेवली, काहींत नुसती नळी घालून बाहेर काढली, आणि कोणास काय केले हे रोग्यास कळू दिले नाही. सहा आठवड्यांनी दोघांच्या चालण्याच्या शक्तीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. त्याच मंडळींनी २०२३ साली कळेवरील औषधे बंद करून ३०१ रोग्यांवर तीच तुलना केली, तेव्हा जाळीवाल्यांची कळ स्पष्टपणे कमी भरली. येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे: डाव्या बाजूच्या मुख्य रोहिणीचे मुखच अरुंद असले, किंवा हृदय फार दुबळे झाले असले, तर हे आकडे त्या रोग्यास लागू नाहीत. आणि मधुमेही माणसाच्या अनेक रोहिण्या बिघडल्या असल्या तर जाळीपेक्षा बायपास सरस, असे १९०० रोग्यांच्या प्रयोगात २०१२ साली दिसून आले.

आता दुसरा प्रसंग, झटक्याचा. येथे सारे चित्र पालटते. १९८६ साली इटलीतील ११,७१२ रोग्यांत असे दिसले की, गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज टोचल्याने मृत्यूचे प्रमाण शेकडा १३ वरून १०.७ वर येते. दोन वर्षांनी सतरा हजारांहून अधिक रोग्यांच्या प्रयोगात त्याच औषधाच्या जोडीस ॲस्पिरिनची साधी गोळी दिली, तेव्हा पाच आठवड्यांतील मृत्यू शेकडा १३.२ वरून ८ वर उतरले. आणि त्या अल्प किमतीच्या गोळीचा वाटा जवळजवळ इंजेक्शनाइतकाच होता. २००३ साली २३ प्रयोगांतील ७७३९ रोग्यांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात औषध टोचलेल्यांपैकी शेकडा ९ दगावले होते, तर तत्काळ फुगा फुगविलेल्यांपैकी शेकडा ७. म्हणजे पहिल्या प्रसंगी जी क्रिया आयुष्य वाढवू शकली नाही, तीच झटक्याच्या वेळी सर्व उपायांत श्रेष्ठ ठरते. मात्र ती वेळेवर झाली पाहिजे. गुठळीपलीकडचा स्नायू एकदा मेला की मग रोहिणी उघडून काय उपयोग?

आणि वेळ म्हटले की घाट आला. भारतातील ५० शहरांच्या ८९ रुग्णालयांतील वीस हजारांवर रोग्यांची नोंद बंगळूरच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झाली व २००८ साली छापली गेली. कळ सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचण्यास लागलेला मध्यम काळ ३६० मिनिटे होता. पूर्ण सहा तास! तीस दिवसांत गरिबांपैकी शेकडा ८.२ दगावले, श्रीमंतांपैकी शेकडा ५.५. ही शहरांतील रुग्णालयांची नोंद आहे. आडगावी जो रुग्णालयाबाहेरच गेला तो तीत आलाच नाही.

महाराष्ट्रात या उपचाराचा पैशाचा भाग बऱ्याच अंशी सुटला आहे, हे मान्य केले पाहिजे. जुलै २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत अमरावती होते, बुलढाणा नव्हते. बुलढाण्याचा समावेश नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर झाली तेव्हा झाला. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबास तेव्हा वर्षाकाठी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत, आणि पुढे शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांसही तो लाभ देण्यात आला. त्या चौदांत बुलढाणा आहे. २०१७ पासून या योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने जाळीची किंमत बांधून दिली: साधी ७,२६० रुपये, लेपाची २९,६०० रुपये. त्यापूर्वी लेपाच्या जाळीची छापील किंमत सरासरीने सव्वा लाखाच्या घरात होती. जी वस्तू तीस हजारांत देता येते तिच्यासाठी किती शेते गहाण पडली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. योजनेच्या चालकांनी आणखी एक शहाणपणाचा प्रयोग केला. झटका नसलेल्या रोग्यास जाळी बसवावयाची तर आधी औषधे देऊन पाहिली काय, ताणाची चाचणी केली काय, याचे कागद मागावयास सुरुवात केली.

पैसा सुटला तरी अंतर उरले. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका २०१४ पासून धावू लागल्या. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला. तो मेहकर व सिंदखेड राजा या भागांतून, म्हणजे घाटावरून गेला आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूरकरास त्याचा काय लाभ? ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. पण महाविद्यालय उघडणे निराळे आणि रात्री दोन वाजता फुगा फुगविणारे हात तेथे असणे निराळे.

तथापि दूरच्या मुलखासाठीही एक तोड निघाली आहे, आणि ती बुलढाण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. २०१३ साली छापलेल्या एका प्रयोगात झटका येऊन तीन तासांच्या आत पोचलेले, पण ज्यांच्यावर तासाभरात फुग्याचा उपचार होणे शक्य नव्हते असे, १८९२ रोगी घेतले. अर्ध्यांना फुग्यासाठी थेट मोठ्या रुग्णालयात नेले; अर्ध्यांना आहेत तेथेच गुठळी विरघळविणारे औषध टोचले व मग हलविले. महिन्याभरातील मृत्यू व गंभीर उपद्रव फुग्याच्या गटात शेकडा १४.३ भरले, औषधाच्या गटात शेकडा १२.४, म्हणजे दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या. औषधाने काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाला, हा दोष आहेच. म्हणून ७५ वर्षांवरील रोग्यांत त्याची मात्रा निम्मी करण्यात आली. तमिळनाडूत याच धर्तीवर लहान रुग्णालये मोठ्यांशी जोडून कार्डिओग्राम दूरवर पाठविण्याची व्यवस्था केली, तेव्हा वर्षभरातील मृत्यू शेकडा १७.६ वरून १४.२ वर आले. हा हिशेब २४२० रोग्यांचा आहे, आणि तो युरोपातला नसून आपल्याच देशातल्या खेड्यापाड्यांचा आहे.

यासाठी ग्रामीण रुग्णालयात लागते ते एवढेच: कार्डिओग्रामचे चालू यंत्र, तो वाचणारा किंवा वाचून घेणारा डॉक्टर, कपाटात औषध, आणि रोग्यास काही न करता पुढे धाडण्याची जी सवय जडली आहे ती सोडणे. त्या प्रयोगात औषध टोचलेल्यांपैकी शेकडा ३६ जणांची गुठळी विरघळली नाही व त्यांना तातडीने फुग्याची गरज पडली; त्यांच्यासाठी गाडी तयारच हवी. बाकीच्यांची अँजिओ सहा ते चोवीस तासांच्या आत करावयाची होती. सहा तासांत जळगाव जामोदहून अकोला गाठता येते, लोणारहून संभाजीनगर गाठता येते, आणि संग्रामपूरचा रोगीही रात्री निघून उजाडण्यापूर्वी पोचतो.